जांभळाखालची बैठक

फार जुन्या काळी, रानात अजून पायवाटाही नव्हत्या तेव्हा, मन खचलेले प्राणी रोज संध्याकाळी एका जांभळाखाली जमत आणि एकमेकांचं ऐकून घेत. ही बैठक म्हातारी नीलगाय सांभाळायची.

एकदा ससा म्हणाला, "सकाळी उठावंसंच वाटत नाही."

"नाटकं आहेत," साळिंदर म्हणालं. "माझी पिल्लं वणव्यात गेली. तरी मी उठतोच ना?"

ससा मान खाली घालून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. "साळिंदराला हाकलून द्या," बाकीचे म्हणाले.

नीलगायीनं साळिंदराला बाजूला नेलं. "तुझं दुःख इथं हवं तितकं सांग, बाबा. पण दुसऱ्याचं दुःख खोटं ठरवायचं नाही. हे जमेल तेव्हाच ये."

साळिंदर रागानं निघून गेलं. नीलगाय मात्र चरता चरता त्याच्या बिळाशी थांबून त्याची विचारपूस करत राहिली. सशाकडेही ती जाऊन आली.

काही दिवसांनी दोघंही बैठकीला आली. साळिंदरानं सशाला हळूच विचारलं, "आज उठलास?"

"उशिरा, पण उठलो. आणि तू?"

"मी आज पिल्लांसाठी रडलो."

ससा त्याचे काटे सांभाळत जवळ सरकून बसला.