उपसापट्टी आणि कुंडातले कासव

डोंगराच्या पायथ्याशी एक नदी होती. पावसाळ्यात ती दोन्ही काठ भरून धावे आणि होळी झाली की नुसती वाळू उरे. त्या वाळूच्या कडेला, कड्याच्या सावलीत, खडकात एक खोल कुंड होते, आणि त्या कुंडात एक म्हातारे कासव राहत असे. त्याला ना भाऊ, ना बहीण, ना पिल्लू.

आता तुम्ही विचाराल, नदी आटल्यावर बाकीचे प्राणी पाणी कुठले पीत? तर वाळूत झरा खणून. वरून वाळू कोरडी ठणठणीत दिसली तरी हातभर खणले की खालून पाणी पाझरते. पण झरा असतो मोठा लहरी. वारा सुटला की वाळू ढासळते आणि तो बुजत जातो. म्हणून तिथे रिवाज होता, की पाणी प्यायला येणाऱ्याने आधी तीन वेळा वाळू उपसायची, मगच तोंड लावायचे. खुराने उपसा, सुळ्याने उपसा, चोचीने उपसा. पण तीन म्हणजे तीन. आपल्याकडे पाणीपट्टी असते ना, तशी ही त्यांची उपसापट्टी.

कुंडातले पाणी मात्र राखीव होते. ज्येष्ठ लागला आणि झऱ्याने अगदीच दगा दिला, तरच ते प्यायचे. कुंडाच्या आत खडकाला सात पायऱ्या होत्या, कोणी न खोदता पडलेल्या. पाणी कितव्या पायरीवर आहे ते पाहायचे आणि विचारील त्याला खरे सांगायचे, एवढे काम सगळ्यांनी कासवावर सोपवले होते.

रोज संध्याकाळी उपसा आटोपला की सगळे कुंडाच्या काठावर टेकत. कोणत्या उंबराला फळ धरले, कोणाच्या पाडसाला शिंगे फुटली, कोण कोणाशी भांडले, सगळ्या गावगप्पा तिथे चालत. कासव फारसे बोलत नसे. मान बाहेर काढून ते ऐकत बसे आणि मनातल्या मनात सुखावे. दिवसातला तेवढाच वेळ त्याला आपण कोणाचे तरी आहोत असे वाटे. टिटवी तर सगळे गेल्यावरही थांबायची. तिने जवळच्याच गोट्यांत अंडी घातली होती. "काका, जरा लक्ष असू द्या हं," एवढे म्हणून ती चरायला जाई, आणि कासव तिकडे टक लावून बसे.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. झरा खोल गेला, उपसा जड झाला आणि कुरकुर सुरू झाली. शेवटी सभा भरली.

"आमचे खूर बघा एकदा!" काळवीट म्हणाला. "मी पितो चार घोट. ही डुकरीण बारा पिल्लं घेऊन येते आणि अर्धा झरा रिकामा करते. आणि उपसा मात्र मलाही तीन, बारा पिल्लं धरून तिलाही तीनच! पट्टी एकवर आणा."

"आणि माझ्या पिल्लांनी उन्हात करपून जायचं का?" डुकरीण उसळली. "त्यांना लोळायला चिखल हवा. पाखरांच्या पिल्लांना उथळ डबकं हवं. झरा सगळ्यांचा आहे ना? मग मोठा करा! ज्यांच्या पायांत जोर आहे त्यांनी पाच-पाच उपसे द्या."

खरे सांगायचे तर दोघांचेही अगदीच चुकत नव्हते. पण सभेत असे कबूल कोण करतो? तीन दिवस वादावादी चालली. हरणे एका काठाला बसू लागली, डुकरे दुसऱ्या काठाला, आणि पाखरे ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे. चौथ्या दिवशी मात्र अचानक तोड निघाली. काळविटाचे ऐकून उपसा तिनाचा एक झाला. डुकरिणीचे ऐकून चिखलाचा खड्डा आणि उथळ डबके मंजूर झाले. दोघेही जिंकले! एवढा आनंद त्या वाळवंटात कधी झाला नव्हता.

कासवाने मान वर काढली. "उपसा कमी केलात आणि पाणी जास्त लागणार. मग कमी पडेल ते पाणी आणायचं कुठून?"

"कुंडातून," काळवीट म्हणाला. "उसनं घ्यायचं. पाऊस आला की कुंड आपोआप भरतंच की."

"पाऊस लांबला तर?"

काळवीट खुराने वाळू उकरू लागला. कासव म्हणाले, "जास्त उपसा, नाहीतर कमी प्या, नाहीतर दोन्ही थोडं थोडं करा. याहून वेगळा मार्ग मला तरी दिसत नाही."

"समजलं!" काळविटाने कान टवकारले. "म्हणजे आमच्याकडून पाच उपसे काढायचे. डुकरिणीने पढवलंय याला."

"मुळीच नाही," डुकरीण फुरफुरली. "माझ्या पिल्लांचा खड्डा याच्या डोळ्यांत खुपतोय. हे काळविटाच्याच बाजूचं!"

अशा रीतीने एका वाक्यात बिचारे कासव दोघांचेही वैरी झाले. दुसऱ्या दिवसापासून कुंडावर सगळे येत, पाणी पीत आणि पाठ फिरवत. टिटवीची तीन पिल्ले अंड्यांतून बाहेर आली होती आणि ते उथळ डबके त्यांच्यासाठीच होते. मग ती कुठल्या तोंडाने कासवाशी बोलणार? तीही येईनाशी झाली.

"दुसरी पायरी उघडी पडली," कासव सांगे. कोणी ऐकत नसे. "तिसरी उघडी पडली." पलीकडच्या काठावरून हसण्याचा आवाज येई, पण तो त्याच्यासाठी नसे. मुलांनो, तुम्हाला कधी वर्गात कोणी बोलेनासे झाले आहे का? मग मी जास्त सांगायला नको. कासवाला आता दिवस मोठे वाटू लागले आणि खाणे नकोसे झाले.

एका संध्याकाळी डुकरिणीने जाता जाता विचारले, "काय काका, कसं आहे पाणी?"

चौथी पायरी त्याच दिवशी उघडी पडली होती. कासवाने तोंड उघडले. पण इतक्या दिवसांनी कोणीतरी त्याला काका म्हटले होते, आणि खरे सांगितले की ती पाठ फिरवणार हे त्याला ठाऊक होते.

"आहे की," ते म्हणाले. "पुष्कळ आहे."

"बघा, आता कसं बोललात!" डुकरीण हसली आणि तिथेच टेकली. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूला काळवीटही येऊन बसला. तिसऱ्या दिवशी टिटवी आपली पिल्ले घेऊन आली. ती पिल्ले कासवाच्या पाठीवर चढत, घसरत, पुन्हा चढत. पुन्हा गप्पा रंगल्या. रोज कोणीतरी विचारी, "कसं आहे पाणी?" आणि कासव म्हणे, "पुष्कळ आहे." ते दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. फक्त सगळे गेल्यावर ते तळाशी जाऊन पायऱ्यांकडे पाठ करून बसे.

पाचवी पायरी उघडी पडली. मग सहावी.

एक दिवस पाठीवरून घसरलेले पिल्लू पाण्याऐवजी चिखलात पडले, तेव्हा कासवाला राहवले नाही. "थांबा," ते म्हणाले. "एकच पायरी उरली आहे. फार तर चार दिवसांचं पाणी."

काळवीट डुकरिणीकडे वळून ओरडला, "तुझा चिखल!" डुकरीण त्याच्या अंगावर धावून गेली, "तुझे खूर!" पण भांडायलाही आता फार वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दोन्ही काठ मिळून झरा उपसू लागले. तीन सोडा, कोणी तीस-तीस उपसे दिले. पण इतके दिवस बुजत गेलेला झरा फार खोल गेला होता. हाती लागली ती ओलसर वाळू.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी जंगल सोडले. दोन डोंगर ओलांडले की एक धरण आहे असे कोणीतरी ऐकले होते. हरणे एका वाटेने गेली, डुकरे दुसऱ्या वाटेने. त्या घटकेलाही एका वाटेने जाणे त्यांना जमले नाही. इतकी चाल कासवाच्याने होणार नव्हती आणि त्याला चला म्हणायलाही कोणी थांबले नाही.

टिटवी तेवढी थांबली. तिला उडता येत होते, पण पिल्लांना पंख फुटले नव्हते. ती तीन पिल्ले पायीच नेणार होती.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"होतं."

"चौथ्या पायरीला सांगितलं असतंत तर आम्ही उपसा वाढवला असता."

वाढवला असता का, हे कासवाला खात्रीने सांगता येईना. पहिल्या तीन पायऱ्यांना त्याने सांगितले होते आणि कोणी ऐकले नव्हते. पण ते या पिल्लांसमोर बोलून दाखवावेसे त्याला वाटले नाही.

"मग का नाही सांगितलंत?" टिटवीने विचारले.

"तुम्ही येऊन बसत होतात म्हणून," कासव म्हणाले.

टिटवी रागावली असती तर बरे, असे कासवाला वाटले. पण ती रागावली नाही. पिल्लांना पुढे घालून ती तापलेल्या वाळूतून निघाली. कासव मान उंच करून पाहत होते. सगळ्यात धाकटे पिल्लू सारखे मागे पडत होते, आणि टिटवी दर वेळी परत येऊन त्याच्यावर पंखांची सावली धरत होती. वळणापलीकडे ती दिसेनाशी झाली.

पाऊस त्या वर्षी वीस दिवस उशिरा आला. तोवर कासव तळच्या चिखलात स्वतःला पुरून पडून होते, म्हणून वाचले. कुंड काठोकाठ भरले. पण दोन डोंगरांपलीकडे तिघांपैकी किती पिल्ले पोचली, हे सांगायला त्याच्याकडे कोणी परत आले नाही.

तात्पर्य काढायचे तर ते असे : द्यायचे कमी आणि घ्यायचे जास्त, असे ज्या सभेत सगळ्यांच्या आनंदाने ठरते, तिथे उरले किती हे सांगणाऱ्याला एकटे पाडू नका, आणि ते सांगणे तुमच्याकडे आले, तर एकटे पडाल म्हणून गप्प राहू नका.