झुबकीची शेंग आणि बसलेला ढब्बू

एक होती खार. तिचं नाव झुबकी.
तिच्या पिलाला आज पहिला दात आला होता. एवढुस्सा!
झुबकीनं त्याच्यासाठी शेंग आणली. फांदीवर चढली, तुरुतुरु तुरुतुरु.
शेंग निसटली. टप्! अंगणात पडली.
तेवढ्यात अंगणात खेळणारी छोटी रेवू आपल्या कुत्र्याला म्हणाली, "ढब्बू, बस!"
ढब्बू बसला. धप्प! नेमका शेंगेवर.
आणि रेवू गेली पळून झोक्यावर.

झुबकी खाली आली. तुरुतुरु तुरुतुरु.
"ढब्बूदादा, ढब्बूदादा, ऊठ ना. खाली पिलाची शेंग आहे."
ढब्बू म्हणाला, "बस म्हटलं की बसायचं. बसलं की शाब्बास. शाब्बास की खाऊ. रेवूनंच शिकवलंय. मी बसलो. खाऊ कुठाय? खाऊ नाही, तर उठणं नाही!"

झुबकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
"रेवूताई, रेवूताई, खाऊ दे.
ढब्बू उठेना,
पिलाची शेंग मिळेना!"
रेवूनं जीभ चावली. "अगं बाई! विसरलेच की मी. पण त्याला भाकरीचा कुरकुरीत काठ लागतो. आई भाकरी करेल, तेव्हा देईन."

झुबकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
"रेवूच्या आई, रेवूच्या आई, भाकरी करा.
रेवू खाऊ देईना,
ढब्बू उठेना,
पिलाची शेंग मिळेना!"
आईनं डबा उलटा केला. ठण ठण! "पीठ कुठंय गं बाई? ज्वारी गिरणीत पडलीय. पीठ येईल, तेव्हा करीन."

झुबकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
"गिरणीकाका, गिरणीकाका, ज्वारी दळा.
आई भाकरी करेना,
रेवू खाऊ देईना,
ढब्बू उठेना,
पिलाची शेंग मिळेना!"
काका कपाळाला हात लावून बसले होते. "कशी दळू? पोत्यावर शेळी बसलीय. ओढलं, हलत नाही. ढकललं, ढुशी मारते! ती उठेल, तेव्हा दळीन."

झुबकी पोत्यापाशी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
"शेळीबाई, शेळीबाई, ऊठ ना.
काका दळेनात,
आई भाकरी करेना,
रेवू खाऊ देईना,
ढब्बू उठेना,
पिलाची शेंग मिळेना!"
शेळी म्हणाली, "बें! जा गं, शेपटे. पोतं मऊ आहे. मी नाही उठत!"

झुबकीला रडू आलं. पिलू वाट बघत असेल.
मग तिला ढब्बू आठवला. त्याला कुणी ओढलं नव्हतं. कुणी ढकललं नव्हतं. तरी तो कसा पटकन बसला!
गिरणीशेजारी बोरीचं झाड होतं. झुबकी सर्रकन वर चढली.
शेळीनं मान वर केली.
"शाब्बास, शेळीबाई!" आणि बोर. टप्!
शेळीनं बोर खाल्लं. मचमच मचमच. "बें! अजून दे."
झुबकी गप्प.
शेळीनं एक पाय खाली टाकला.
"शाब्बास, शेळीबाई!" आणि बोर. टप्!
दुसरा पाय. शाब्बास! टप्!
तिसरा पाय. शाब्बास! टप्!
चौथा पाय. शाब्बास! आणि बोरंच बोरं. टप् टप् टप् टप्!

शेळी उठली!
काकांनी ज्वारी दळली. घर्रर्र घर्रर्र.
आईनं भाकरी थापली. थप थप थप.
रेवूनं काठ मोडला. कुर्रुम!
"बसलास ना? शाब्बास, ढब्बू! चुकलं हं माझं."
ढब्बूनं काठ खाल्ला. शेपूट हलवलं. आणि उठला!
खाली शेंग. थोडी चपटी. छान उबदार.

झुबकी शेंग घेऊन घरी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
पिलानं इवलासा दात लावला.
कट्!
"शाब्बास, माझ्या बाळा!"
एक दाणा पिलानं खाल्ला. एक दाणा आईला भरवला.

शेंग फुटली कट्कन,
गोष्ट संपली पट्कन.
आणि तू? नीट बसून ऐकलीस ना?
शाब्बास! घे एक पापा.