काळ्या पट्टीवरचा हात

एकदा एक आवाज मी ऐकला, तो अजून कानातून गेलेला नाही. वाळलेल्या पानावरून कुणी नख ओढावे, तसा बारीक, कोरडा आवाज. त्याला पुष्कळ वर्षे झाली. तेव्हा मी कोल्हापुरात मोटारी धुण्याचे काम करीत असे. तिथे मोटारींना पॉलिश करणारे एक वृद्ध वस्ताद होते आणि सर्जेराव नावाचा त्यांचा एक शिष्य होता.

नव्या मोटारींच्या दारांवर, दोन खिडक्यांच्या मध्ये, चकचकीत काळ्या प्लास्टिकची उभी पट्टी असते. नवी असताना तिच्यात तोंड पाहावे. पण ती फार नाजूक. जरा काही घासले की रेघ उठते, आणि उन्हात ती रेघ लपत नाही. वस्ताद या पट्ट्यांना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यासाठीचे मऊ फडके ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवीत. धुळीचा कणही त्यावर बसू नये म्हणून.

सर्जेराव तीन वर्षे मोटारींच्या नुसत्या पत्र्यावर काम करीत होता. हात चांगला होता. इकडे वस्तादांची नजर मंदावत चालली होती. "दसरा होऊ दे सर्जा," ते म्हणाले होते, "मग ठरवू, काळं काम तुझ्या हाती द्यायचं की नाही." सर्जेराव दसऱ्याची वाट पाहत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुळाचे एक व्यापारी मोटार घेऊन आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मोटारीला झेंडूचा हार तसाच होता. दारांवरच्या काळ्या पट्ट्या मात्र कोळ्याने जाळे विणावे तशा बारीक ओरखड्यांनी भरल्या होत्या.

"दोन वर्षांत एक दिवस पुसायची चुकवली नाही वस्ताद," अण्णा म्हणाले. "आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं आहे, लोण्यासारखं. तरी हे असं."

वस्तादांनी वाकून पट्टी पाहिली. सर्जेरावाकडे वळून म्हणाले, "आज काळं तू कर."

सर्जेरावाने घाई केली नाही. आधी पट्ट्यांवर पाणी सोडले. कडेच्या रबरावर कागदी टेप लावली. मऊ स्पंजावर हरभऱ्याएवढे पॉलिश घेऊन तो हलक्या हाताने फिरवीत राहिला. थोडे करायचे, पुसायचे, उन्हात तिरके होऊन पाहायचे, पुन्हा थोडे. दुपारपर्यंत जाळे विरून गेले. पट्टीत समोरच्या रस्त्यावरचे झाड दिसू लागले, पानापानासकट. मी हातातली नळी बंद करून पाहत उभा राहिलो. परका असून मला त्याचा अभिमान वाटला.

अण्णांनी पट्टीत पाहून मिशा सारख्या केल्या. "लेका, हातात जादू आहे तुझ्या. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तुझ्याकडेच येतो."

सर्जेरावाची छाती फुगली. "या की अण्णा. दर साली या. दर साली नवी करून देतो."

वस्ताद उठले. अण्णांच्या खांद्यावरचे ते लुगड्याचे फडके त्यांनी घेतले. पूजेची हळद त्याला अजून लागलेली होती. चमकत्या पट्टीच्या खालच्या कोपऱ्यावरून त्यांनी ते कोरडेच एकदा ओढले.

तोच तो आवाज. कोपऱ्यावर चार रेघा उठल्या.

सर्जेरावाचा चेहरा उतरला. सकाळपासूनचे काम एका क्षणात गेले, आणि तीन वर्षांची आशाही गेली, असे त्याला वाटले असावे. अण्णा म्हणाले, "वस्ताद, नजर गेली की काय तुमची?"

"नजर जाईल अण्णा, कान आहेत," वस्ताद शांतपणे म्हणाले. "तुम्ही ऐकलंत ना? दोन वर्षं रोज सकाळी हा आवाज होत होता. फडकं मऊ होतं, त्यातली धूळ मऊ नव्हती. रस्त्यानं तुमची मोटार तेवढी खरचटली नाही, जेवढी तुमच्या मायेनं खरचटली." मग ते शिष्याकडे वळले. "सर्जा, ओरखडा आपण काढतो म्हणतो, पण तो काही उचलून बाहेर टाकता येत नाही. त्याच्या भोवतालचं जे चांगलं आहे, ते झिजवून आपण त्याच्या पातळीला आणतो. वरचा चकाकीचा थर तर कांद्याच्या पापुद्र्याएवढा. दर साली झिजवलास, तर पाचव्या साली काय चमकवशील? काम चांगलं झालं याचा अभिमान धर. ते पुन्हा करावं लागलं नाही, याचा जास्त धर."

मग सर्जेरावाने स्पंज उचलला आणि त्या चार रेघा पुन्हा नाहीशा केल्या. ते झाल्यावर त्याने माझ्या हातातली नळी अण्णांच्या हातात दिली.

"आता तुम्ही धुवा अण्णा."

"मी? तुम्ही कशाला आहात मग?"

"आम्ही बघायला. हळद असो, अक्षता असोत, आधी पाण्यानं वाहू द्यायच्या. हात लावायचा नाही. मग हे ओलं फडकं नुसतं ठेवायचं, घासायचं नाही, टिपून घ्यायचं. बाळाचं अंग टिपतात तसं."

अण्णांचे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले, पण त्यांनी चारही दारे धुतली. आवाज झाला नाही. शेवटी त्यांनी विचारले, "मग पुढच्या दसऱ्याला?"

"कामाला येऊ नका," सर्जेराव म्हणाला. "आलात तर चहाला या."

अण्णा हसत मोटारीत बसले. वस्ताद पायरीवर बसून सगळे ऐकत होते. ते हळूच उठले, आत गेले आणि आपला झाकणाचा डबा घेऊन बाहेर आले. सर्जेराव टेप गुंडाळीत होता. त्याच्या हाताशी त्यांनी तो डबा ठेवला, पायांत चपला सरकवल्या, आणि घरच्या वाटेला लागले.