पायरी आणि भिंत

फार मागे, जनावरं आपसात बोलत त्या काळी, एका धनगराच्या मेंढरांत कबरी नावाची शेळी होती. मेंढरं पाण्याला बिचकतात, म्हणून ओढा आला की धनगर कबरीलाच पुढे घाली. ती मान ताठ ठेवून पाण्यात शिरे, मग तिच्यामागून सगळा कळप उतरे.

तिचं करडू मात्र भलत्याच तोऱ्यात असायचं. "आई, या मेंढ्या नुसत्या भित्र्या!" कबरीने परोपरीने समजावलं, पण ते ऐकेल तर शपथ.

एकदा ओढ्याला जोराची ओढ होती. कबरी पलीकडे पोचली आणि वळून पाहते तो काय, कळपाच्या वरच्या अंगाने ऐटीत एकटंच निघालेल्या करडाचे पाय सुटले. ते वाहत आलं आणि मेंढ्यांच्या रांगेवर आदळलं. अंगाला अंग लावून चाललेली ती रांग जराही हलली नाही. म्हातारी भुरी मेंढी म्हणाली, "चिकटून चल रे लेकरा!"

काठावर करडाने थरथरत विचारलं, "आई, त्यांना तर भीती वाटते ना?"

"वाटते की. म्हणून तर एकमेकींना सोडत नाहीत," कबरी म्हणाली. "आपण म्हणजे पायरी, त्या म्हणजे भिंत. नुसत्या पायरीचं कधी घर झालंय का?"

पुढच्या ओढ्यात करडू सगळ्यांच्या आधी शिरलं. मधोमध थांबून त्याने मागे हाक दिली, "भुरीमावशी, आण सगळ्यांना! मी आहे पुढे."

त्या दिवशी कबरी पहिल्यांदाच कळपाच्या मागून गेली, आणि तिची मान कधी नव्हे इतकी ताठ होती.