मुरघासाला गावाचे पाय

ही गोष्ट सोळा आणे खरी आहे. खोटी निघाली तर माझी मिशी उतरवा. मला मिशी नाही, ते सोडा.

तर फार पूर्वी, म्हणजे गेल्याच्या गेल्या साली, एका गावात एक काडीपैलवान गवळी राहत होता. तो, त्याची बायको आणि एक गाभण गाय, एवढाच संसार. उन्हाळ्यात चारा संपला की गाय बाजारात न्यावी लागणार, हे दोघांनाही दिसत होतं. बायको म्हणायची, "हिला विकलंत तर मलाही दावं बांधून बाजारात न्या."

गवळ्याला मामानं मुरघासाची युक्ती सांगितली. वेड्या बाभळीच्या गोड शेंगा कुटायच्या. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं नि कणसं काढलेली मक्याची हिरवी ताटं बारीक कापून त्यात मिसळायची. वर गुळाचं पाणी शिंपडायचं, सगळं खड्ड्यात दाबून दाबून भरायचं, नि हवा जाणार नाही असं झाकायचं. उन्हाळाभर काळजी नाही.

गवळ्यानं परसात खड्डा खणला, ताडपत्री अंथरली, चारा भरला आणि गुपचूप एकटाच तुडवू लागला. पण पाय उचलला की चारा गादीसारखा वर यायचा.

बायकोनं चाऱ्यावर तळहात दाबून पाहिला. फुस्स!

"अहो, आत हवा राहिली तर सगळ्याला बुरशी धरेल. तुमचा पाय पडला तर मुंगीसुद्धा विचारते, कोण आलं होतं का? गावाला बोलवा."

"आणि युक्ती फुटली म्हणजे? उद्या बाभळीखाली एक शेंग उरायची नाही!"

"शेंगा उरतील, पण गाय उरायची नाही."

गवळ्यानं गाईकडे पाहिलं. बायकोचं त्याला लगेच पटलं. तडक चावडीवर जाऊन तो ओरडला, "ज्याचं वजन जास्त, त्याला आज मान जास्त! गाईचा चारा तुडवायचाय, पाय धुऊन या!"

गाव लोटलं. येताना कुणी भुईमुगाचा पालाही आणला. सरपंचबाई पदर खोचून म्हणाल्या, "मी उतरल्याशिवाय काही दबायचं नाही."

"बाई, सरका जरा," तालमीतला पैलवान म्हणाला, "मी आत्ताच दोन शेर दूध पिऊन आलोय!"

हलगी कडाडली. असा नाच झाला, अशी हवा निघाली, की शेजारच्या गावात वाळत घातलेली धोतरं उडाली. मग ताडपत्री ओढून वर माती लोटली.

भर उन्हाळ्यात खड्डा उघडला. आंबूस-गोड वास सुटला. गाईनं तोंड घातलं ते वर काढलंच नाही. बाजार टळला, गोठ्यात वासरू उड्या मारू लागलं.

पुढच्या साली मात्र बाभळीखाली खरंच एक शेंग उरली नव्हती. गवळी रिकामी पाटी घेऊन उभा राहिला. मागून सरपंचबाईंची हाक आली, "अरे, तिथं काय शोधतोस? तुझ्या वाटणीच्या शेंगा घरी पोचवल्यात. चल, आमचा खड्डा तुडवायचाय."

"माझ्या वजनानं काय होणार, बाई?"

"तू हलगी वाजव!"

तात्पर्य: शहाणपणाला चार माणसांचे पाय लागू द्यावेत; एकट्यानं झाकून ठेवलं तर त्याला बुरशी येते.

आता खरं सांगतो. यातलं एकच मी माझ्या पदरचं घातलंय. गवळ्याला बायकोचं लगेच पटलं नव्हतं. तो संध्याकाळपर्यंत खड्ड्यात फुरंगटून बसला होता.