लखमशेठचा तोटा

लखमशेठचं रेशीम गलबतं भरभरून परदेशी जाई, पण जकात मागायला गेलं की शेठचं एकच रडगाणं, "महाराज, यंदाही तोटाच!" सलग तिसऱ्या वर्षी ते ऐकून महाराज वैतागले. वह्या तपासणारे कारकून अर्धे नफा म्हणत, अर्धे तोटा.

"वह्या न उघडता खरं काय ते सांगणारा कुणी आहे का?" महाराज गरजले.

तेवढ्यात विडे करणारी हौसा फिस्सकन हसली.

"हसतेस? मग तूच सांग! दिवस मावळायच्या आत सांगितलं नाहीस, तर विडे बंद. उद्यापासून शेळ्या राख!"

हौसाच्या मनात आलं, नोकरी गेली तर खायचं काय? पण तिची जीभ कधी गप्प बसली होती?

"सांगते की! फक्त एका पाहुण्याला दरबारात बोलवू द्या."

दुपारी शेठ मुद्दाम फाटकं उपरणं पांघरून आला आणि डोळे पुसू लागला. इतक्यात पाहुणे आत आले. ते सोनगावचे गडगंज सावकार भिकोबा! शेठच्या मुलाला आपली एकुलती एक मुलगी द्यावी का, ते ठरवायला कालच गावात आले होते. शेठने घाईघाईने फाटकं उपरणं काढून बगलेत दडवलं.

"शेठजी, रेशमाच्या धंद्याचं काय म्हणत होता?" हौसाने गोड आवाजात विचारलं. "पाहुण्यांना नीट ऐकू द्या."

"तसा... थोडा तोटा..."

भिकोबांनी पगडी सावरली. "बरं, निघतो मी. बुडत्या घरात लेक नाही देणार!"

"अहो, थांबा! तोटा कसला? नफाच नफा! दामदुप्पट!"

"मग जकातही दुप्पट!" महाराज म्हणाले.

"महाराज, मी आपलं जरा वाढवून..."

भिकोबा पुन्हा उठले.

"नाही, नाही! दुप्पटच! देतो जकात!" शेठ रडकुंडीला आला.

महाराज पोट धरून हसले. "हौसे, शाबास! माग काय हवं ते."

"तुमच्याकडून काही नको, महाराज. शेठजींकडून एक रेशमी लुगडं मिळू द्या. तीन वर्षं एवढा तोटा सोसला त्यांनी, एका लुगड्याने असा काय वाढणार आहे?"

हसता हसता महाराजांच्या तोंडातला विडा उडाला. लुगडं मात्र शेठला स्वतःच्या हाताने द्यावं लागलं, तेही जरीकाठी!