वैद्याची जड होडी

फार पूर्वी, डोंगरांच्या मधोमध तळ्यांचा एक मुलूख होता. एक तळं संपलं की खडकाळ खिंड लागे आणि खिंडीपलीकडे दुसरं तळं. तिथे रस्ते नव्हते. माणसं होडीनेच फिरत. खिंड आली की होडी उलटी करून खांद्यावर घेत, चढ चढून पलीकडे उतरत आणि पुन्हा पाण्यात सोडत.

या मुलखात एक वैद्य राहत होता. औषधांची पेटी घेऊन तो एकटाच गावोगाव जाई. एकदा वाऱ्यात त्याची होडी उलटली आणि खडकावर आपटून फुटली. तो कसाबसा काठाला लागला, पण तेव्हापासून त्याने पाण्याची धास्ती घेतली.

नवी होडी घ्यायला तो बायकोबरोबर होडीवाल्याकडे गेला. तिथे दोन होड्या तयार होत्या. एक बांबूच्या कामट्यांवर झाडाची साल ताणून केलेली, अरुंद आणि हलकी. दुसरी सागाच्या जाड फळ्यांची, रुंद बुडाची.

वैद्य सालीच्या होडीत बसला. ती डुलली, तसा तो झटकन बाहेर आला.

"सुरुवातीला सगळ्यांनाच असं होतं," होडीवाला म्हणाला. "थोडे दिवस काठाकाठाने चालवा, सवय होईल."

मग वैद्य सागाच्या होडीत बसला. ती जागची हलली नाही. तो उभा राहिला, तरी ती तशीच.

"हीच घेऊ."

"अहो, आधी उचलून तर बघा," बायको म्हणाली. "खिंडीत तुमच्याबरोबर कोण असतं?"

"भेटेल कोणीतरी. बुडून मरण्यापेक्षा ते बरं."

सागाची होडी घरी आली. त्यानंतर वैद्य आपल्याच तळ्याकाठच्या गावांना जाऊ लागला. खिंडीपलीकडून बोलावणं आलं की काहीतरी सबब सांगून टाळू लागला.

एके सकाळी सगळ्यात लांबच्या तळ्यावरून एक माणूस आला. "वैद्यबुवा, गावात तापाची साथ आलीय. माझी दोन्ही मुलं..." एवढं बोलून तो ओसरीवरच कोसळला. त्याचंही अंग भाजत होतं.

"मी बघते याच्याकडे," बायको म्हणाली. "तुम्ही याची होडी घेऊन निघा. हलकी आहे, खिंडीत अडायला होणार नाही."

काठाशी त्या माणसाची सालीची होडी डुलत होती. वैद्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"पेटी पाण्यात गेली तर मी जाऊन करू काय? मी आपलीच नेतो."

साथीच्या भीतीने सोबत यायला कोणीच तयार होईना. तो एकटा निघाला. तळ्यावर वारा सुटला, लाटा उसळल्या, पण सागाची होडी संथ चालत राहिली. आपण केलं तेच बरोबर, असं त्याला वाटलं.

मग खिंड आली. त्याने होडीखाली हात घातले, पण त्याला ती उचलेना. खाली फांद्या टाकून, दोर बांधून तो ओढू लागला. होडी हातभर वर येई आणि तेवढीच मागे घसरे. दोराने तळहात सोलून निघाले. होडी टाकून पायी जावं, तर पुढच्या तळ्याचे कडे सरळ पाण्यात उतरलेले. दिवस मावळला तेव्हा तो अर्ध्या चढावर होता. दुसऱ्या दिवशी होडी कशीबशी पलीकडे उतरली. पुढे अजून एक खिंड होतीच.

तिथेही तसंच झालं. चौथ्या दिवशी सकाळी तो पोहोचला, तेव्हा आधी दिसला तो धूर. काठावर एक म्हातारी बसली होती. निरोप घेऊन आलेल्या माणसाची ती आई.

"मुलं कशी आहेत?" वैद्याने विचारलं.

"धाकटी काल गेली. थोरला आज पहाटे." ती त्याच्या होडीकडे बघत राहिली. "माझा लेक कुठंय?"

"माझ्या घरी. तापाने पडलाय, पण बायको आहे त्याच्याजवळ."

"वाट बघत होतो आम्ही," म्हातारी म्हणाली. "पोरगा सारखा विचारत होता, होडी दिसली का म्हणून."

वैद्याने पेटी उचलली आणि घराघरांत शिरला. औषध लागू पडलं. दुपारपर्यंत काहींचा ताप उतरू लागला. ताप उतरताना बघून वैद्याला एकच गोष्ट टोचत राहिली. तीच मात्रा त्या दोन पोरांनाही पुरली असती.

संध्याकाळी थोरल्याला न्यायची वेळ झाली. गावातलं सुकं लाकूड आधीच्या चितांना संपलं होतं, आणि रानातलं ओलं लाकूड पेट घेईना. माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली. वैद्याने कोणाकडून तरी कुऱ्हाड मागून घेतली, काठावर गेला आणि सोललेल्या हातांनी सागाची होडी फोडू लागला. त्याला कोणी थांबवलं नाही, आणि हात लावायलाही कोणी पुढे आलं नाही. एकेक फळी त्याने स्वतःच वाहून नेली.

तात्पर्य इतकंच: निवड करताना आपली भीती काय मागते ते न पाहता, पुढची सगळी वाट काय मागते ते पाहावं; कारण भीतीपोटी केलेल्या निवडीची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.